दुकानदार ऐकत नाही? बिलापासून ग्राहक आयोगापर्यंत काय काय करायचं ते सगळं

वस्तू विकताना बहुतेक दुकानदार गोडच बोलतात. पाणी विचारतात, पंखा लावतात, मोठ्या शोरूममध्ये तर तीन तीन जण मागे उभे राहतात. पण दुकान खरं कसं आहे ते कळतं वस्तू घरी नेल्यावर, ती खराब निघाल्यावर आणि तुम्ही ती पिशवीत घालून परत काउंटरवर जाऊन उभे राहिल्यावर. तोच माणूस तुमच्याकडे बघून ओळख दाखवतो का मोबाईलमध्ये डोकं घालतो, एवढ्यावरून पुढचं सगळं समजतं.

मला या विषयाची मनापासून चीड आहे, कारण आपल्याकडे लोक दोनच गोष्टी करतात, एकतर काउंटरवर जोरात भांडतात आणि घरी येतात, नाहीतर "जाऊ दे, हजार दोन हजारासाठी कोण डोकं लावणार" म्हणून सोडून देतात. दोन्हीत पैसे दुकानदाराकडेच राहतात. खरं तर मधला एक रस्ता आहे, तो फुकट किंवा जवळपास फुकट आहे आणि त्याला वकील लागत नाही. फक्त क्रमाने जावं लागतं आणि कागद जपावे लागतात. तो क्रम इथे सांगतोय, मोठ्या मॉलपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सगळीकडे चालतो.

पैसे देण्याआधी दोन मिनिटं

कुठलीही जरा महागाची वस्तू घेताना पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: "खराब निघाली तर काय करता?" उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघा. चांगला दुकानदार लगेच सांगतो, सात दिवसात आणा बदलून देतो, बिल ठेवा, बॉक्स टाकू नका. वाईट दुकानात उत्तर येतं "काही होत नाही हो, कंपनीचा माल आहे". हे उत्तर मिळालं की समजायचं की उद्या तुम्हाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता हातात मिळणार आहे.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण यात खूप लोकांचा गोंधळ असतो. वस्तू चांगली आहे पण रंग आवडला नाही, साइज चुकली, घरी कोणी नाक मुरडलं, तर दुकानदाराने ती परत घेतलीच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. ते दुकानाच्या पॉलिसीवर आहे, म्हणून ती पॉलिसी आधी विचारून घ्या आणि जमलं तर बिलावर लिहून घ्या. पण वस्तूत दोष असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथा काय काय ते दिलंय, त्यात दोन गोष्टी सरळ लिहिल्यात: बिल न देणं, आणि दोष असलेला माल परत घ्यायला व त्याचे पैसे द्यायला नकार देणं. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलं नसेल तर 30 दिवसात. म्हणजे भिंतीवर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी केवढीही मोठी पाटी असली, तरी खराब मालाच्या बाबतीत दुकानदाराला त्या पाटीचा आधार घेता येत नाही. सेलच्या मालाचंही तेच, किंमत कमी केली म्हणून फाटलेला शर्ट विकायची परवानगी मिळत नाही, दोष आधी दाखवून सांगून विकला असेल तर भाग वेगळा.

साड्यांच्या बाबतीत एक सांगतो कारण लग्नसराईत यावरून फार वाद होतात. साडी घरी आणली की आधी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पूर्ण उलगडून बघा, पदर, काठ, निऱ्यांची बाजू, सगळं. दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली ओढलेला धागा किंवा रंगाचा पट्टा दिसत नाही. फॉल-पिको आणि ब्लाउजपीस कापणं हे त्यानंतरच. एकदा ब्लाउजपीस कापला की चांगला दुकानदारसुद्धा हात वर करतो आणि त्याचंही चुकत नाही.

बिल, म्हणजे सगळ्याचा पाया

"पक्कं बिल पाहिजे का, मग जीएसटी लागेल" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. हार्डवेअर, फर्निचर, मोबाईल अॅक्सेसरीज, सगळीकडे. थोडे पैसे वाचतात म्हणून लोक कच्च्या चिठ्ठीवर घेतात आणि पुढे काही झालं की दुकानदार म्हणतो हे आमच्याकडून घेतलंच नाही. जीएसटीच्या नियमात 200 रुपयांपेक्षा कमी खरेदीला ग्राहकाने मागितलं नाही तर बिल न देण्याची सूट आहे, पण तुम्ही मागितलंत की द्यायचंच. दुकानदार कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल तर तो वेगळा जीएसटी लावत नाही, त्याच्या कागदावर बिल ऑफ सप्लाय असं लिहिलेलं असतं, तेही चालतं.

बिलावर काय बघायचं? दुकानाचं नाव पत्ता, जीएसटी नंबर, तारीख, वस्तूचं नाव आणि मॉडेल, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू असेल तर सिरीयल नंबर किंवा मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा नंबर. सिरीयल नंबर बॉक्सवरच्या नंबरशी तिथेच जुळवा. नुसतं "मिक्सर – 1 नग" असं लिहिलेलं बिल फार दुबळं असतं.

आणि मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदाच्या बिलाबद्दल. तो थर्मल पेपर असतो, त्यात शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं आणि उष्णतेनेच जातं. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत नाहीतर पाकिटात ठेवलेलं बिल दोन महिन्यात कोरं पांढरं नाहीतर काळपट होतं, आणि वॉरंटी असते वर्षाची. त्यामुळे दुकानातून बाहेर पडायच्या आत बिलाचा फोटो काढायचा आणि तो घरातल्या कोणाला तरी व्हॉट्सअॅप करून ठेवायचा, म्हणजे फोन बदलला तरी सापडतो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घ्या, "नंतर मारून देतो" वर सोडू नका.

काउंटरवरच्या छोट्या छोट्या गोष्टी

हे रोजचे त्रास आहेत म्हणून पटापट सांगतो.

छापील एमआरपीत सगळे कर आलेले असतात. त्याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, थंड करून दिलं म्हणून कोल्ड्रिंकवर कूलिंगचे दोन-पाच रुपये घेतात तेही नाही. एकाच वस्तूवर मॉलमध्ये वेगळी एमआरपी आणि बाहेर वेगळी असा प्रकार पूर्वी चालायचा, 1 जानेवारी 2018 पासून तोही बंद आहे. एमआरपीवर स्टिकर चिकटवून वाढवलेली दिसली तर हळूच नखाने खालची किंमत बघा आणि फोटो काढा.

पिशवीचे पैसे. दुकानाच्या नावाची जाहिरात असलेली पिशवी आणि बिलात गुपचूप दहा रुपये लावलेले. 2020 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात सांगितलं की आधी ठळकपणे न सांगता बिलिंगच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. म्हणजे "आधी पाटी कुठे होती?" हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. तरी घरून कापडी पिशवी नेणं सगळ्यात बरं.

मोबाईल नंबर. "नंबर सांगा, त्याशिवाय सिस्टीममध्ये बिल होत नाही" हे सरळ खोटं असतं. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांना कळवलंय की नंबरसाठी अडवू नका, नंबर दिला नाही म्हणून माल नाकारणं ही अनुचित प्रथा धरली जाईल. शांतपणे म्हणायचं, "नंबर द्यायचा नाहीये, नंबरशिवाय बिल करा". बहुतेक वेळा कॅशियर स्वतःच दहा शून्य टाकून पुढे जातो. ज्यांना एक्सचेंज सोपं जावं म्हणून नंबर द्यायचाय त्यांनी खुशाल द्यावा, पण निर्णय तुमचा.

यूपीआय किंवा रुपे डेबिट कार्डवर "दोन टक्के जास्त" मागितले तर द्यायचे नाहीत, त्यावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पेमेंट घेण्यासाठी बँकेला द्यायचं शुल्क, लागतच नाही, 1 जानेवारी 2020 पासून तो शून्य आहे. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवलं तर परत द्या आणि सुट्टे मागा.

बाहेर पडताना गार्ड बिल आणि पिशवी बघतो, ते ठीक, पण संशयावरून अंगझडती घ्यायचा किंवा आतल्या खोलीत बसवून ठेवायचा अधिकार त्याला नाही. असं झालं तर आवाज न चढवता सांगा की पोलिसांना बोलवा, मी थांबतो, आणि स्वतः 112 लावा. बाईमाणसाबरोबर हा प्रकार होत असेल तर तिथे एकही मिनिट संकोच करायचा नाही.

वस्तू खराब निघाली, पहिला दिवस

पहिलं काम, वापरणं थांबवा. दुसरं, व्हिडिओ काढा. त्यात वस्तूचा सिरीयल नंबर, बिघाड आणि आवाज स्पष्ट आला पाहिजे, एकाच सलग व्हिडिओत, मधे कट नको. तिसरं, बॉक्स, थर्माकोल, आतली प्लास्टिकची पिशवी, काहीच टाकू नका. चौथं, स्वतः किंवा गल्लीतल्या मेकॅनिककडून उघडू नका, सील तुटलं की वॉरंटी गेली असं सांगायला ते मोकळे होतात.

त्याच दिवशी दुकानाला व्हॉट्सअॅप किंवा मेसेज करा: अमुक तारखेला घेतलेली अमुक वस्तू, अमुक बिल नंबर, आज असं झालं, व्हिडिओ सोबत. फोन केलात तरी नंतर मेसेज कराच, "आत्ता फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून. पुढे तारखेवरून वाद झाला तर हा मेसेजच कामाला येतो.

दुकानात परत जाताना

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण निम्म्याहून जास्त गोष्टी इथेच मिटू शकतात आणि इथेच बिघडतात.

वेळ निवडून जा. रविवार संध्याकाळ, दसरा-दिवाळीच्या आधीचा आठवडा, पाडव्याचा दिवस, या वेळी कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्यावर तासाभराने गेलात तर मालक किंवा मॅनेजर भेटतो आणि त्याला ऐकायला वेळ असतो. समोर जो सेल्समन आहे त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या हातात परत घ्यायचा अधिकार बहुतेक वेळा नसतोच. सकाळपासून रात्रीपर्यंत ती मुलं-मुली उभ्या असतात, केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला, यावरूनच परिस्थिती काय होती ते समजावं. ज्या दुकानात नोकरांना नीट वागवतात तिथे ग्राहकालाही नीट वागवतात, हे मी खूप वेळा बघितलंय. तर सेल्समनला एवढंच म्हणायचं, "दादा, तुमची चूक नाही, पण ज्यांना ठरवता येतं त्यांना बोलवा".

मॅनेजर आला की तीन वाक्यं. काय घेतलं आणि कधी, काय झालं, आणि मला काय पाहिजे. तिसरं वाक्य लोक बोलतच नाहीत, नुसता राग सांगत बसतात, आणि समोरचा मग स्वतःला सोयीचं काहीतरी देतो. तुम्हाला बदलून पाहिजे, पैसे परत पाहिजेत का दुरुस्ती चालेल ते घरूनच ठरवून जा.

क्रेडिट नोट हा एक मोठा सापळा आहे. "पैसे नाही देत, क्रेडिट नोट देतो, सहा महिन्यात काहीही घ्या." आवडीनिवडीमुळे वस्तू परत करत असाल तर ही मेहेरबानीच आहे, घ्या. पण दोष असेल तर कायदा पैसे परत देण्याबद्दल बोलतो, क्रेडिट नोट घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. "खराब माल आहे, पैसे ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत पाहिजेत" असं म्हणा.

दुसरा सापळा म्हणजे सर्व्हिस सेंटर. आमच्या घरी आणलेल्या मिक्सरची मोटर दुसऱ्याच वापरात जळका वास मारायला लागली, दुकानदाराने वस्तूकडे न बघता सांगितलं सर्व्हिस सेंटरला न्या, आमचा संबंध विकण्यापुरता. सर्व्हिस सेंटरवर मिक्सर ठेवून घेतला आणि जॉबशीट, म्हणजे बिघाड नोंदवायचा कागद, पुढे केली, त्यावर बिघाडाच्या रकान्यात आधीच लिहिलेलं, "ओव्हरलोड, कस्टमर मिसयूज". सही करा म्हणे, नुसती फॉर्मॅलिटी. सही केली नाही. पेन घेऊन खाली लिहिलं, "वस्तू नवीन, दुसऱ्या वापरात मोटरमधून जळका वास, मिसयूज मान्य नाही", मग सही आणि तारीख, आणि त्या कागदाचा फोटो. पुढे जेव्हा लेखी तक्रार गेली तेव्हा त्या एका ओळीमुळे कंपनीला मिसयूजचा मुद्दा काढताच आला नाही आणि नवीन पीस मिळाला. म्हणून जॉबशीट कधीही न वाचता सही करायची नाही. आणि "आमचा संबंध नाही" हे दुकानदाराचं म्हणणं ऐकून गप्प बसायचं नाही, तक्रार करताना विकणारा आणि बनवणारा दोघांनाही सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष, करता येतं.

चांगलंही सांगतो. आमच्या भागात साड्यांचं एक जुनं दुकान आहे, गादी घालून बसायचं. एका ओळखीच्या ताईंनी लग्नासाठी घेतलेल्या रेशमी साडीत पदराजवळ जरीचा धागा ओढलेला निघाला. काकांनी साडी घेतली, दारापाशी उजेडात नेली, धाग्यावरून बोट फिरवलं, म्हणाले, "हे माझ्याकडूनच असं आलंय, तुम्हाला दिसायच्या आत मला दिसायला पाहिजे होतं". दुसरी साडी निवडायला लावली नाही, आधी विचारलं पैसे का साडी. ताईंनी साडीच घेतली, आणि त्या घरातल्या पुढच्या सगळ्या लग्नांचा बस्ता तिथेच बांधला गेला. किराणावाले काकासुद्धा असेच असतात, रव्यात किडे निघाले म्हटल्यावर पुडा उघडून बघतात आणि दुसरा देतात, वर "बाकीचे पुडे पण काढतो" म्हणतात. अशा दुकानाबद्दल ऑनलाइन रिव्ह्यू लिहा, काय झालं आणि त्यांनी काय केलं ते तपशिलात लिहा. वाईट अनुभव लिहायला सगळ्यांचे हात शिवशिवतात, चांगल्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, आणि मग नवीन माणसाला नेमकं कुठे जावं ते कळत नाही.

लेखी तक्रार

दुकानात काम झालं नाही तर दोन-तीन दिवसाच्या वर थांबू नका. ईमेल करा, दुकानाला, आणि ब्रँड असेल तर पाकिटावर छापलेल्या कस्टमर केअरच्या पत्त्यावर. पॅकबंद वस्तूवर तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे तो असतोच. मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर साधारण असा:

"मी दिनांक ___ रोजी तुमच्या ___ शाखेतून ___ (मॉडेल, सिरीयल नंबर) बिल क्र. ___ ने रु. ___ ला घेतले. दिनांक ___ रोजी त्यात ___ हा दोष दिसला. त्याच दिवशी मेसेजने आणि दिनांक ___ रोजी प्रत्यक्ष येऊन कळवले. तुमच्याकडून ___ असे सांगण्यात आले. वस्तू सदोष असल्याने मला पूर्ण रक्कम परत हवी आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसात कार्यवाही न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार करेन. सोबत बिल, फोटो, व्हिडिओ, जॉबशीट."

बस एवढंच. शिव्या, धमक्या, "तुम्हाला बघून घेतो", सोशल मीडियावर बदनामी करतो, यातलं काही लिहू नका, कारण हेच पत्र उद्या ग्राहक आयोगापुढे जाणार आहे आणि तिथे समजूतदार माणूस कोण ते बघितलं जातं.

1915

उत्तर आलं नाही की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर 1915, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. 8800001915 वर व्हॉट्सअॅपनेही तक्रार होते, शिवाय त्यांचं पोर्टल आणि अॅप आहे, सरकारच्या उमंग अॅपमधूनही जमतं. फोन करताना बिल, तारखा आणि दुकानाचा पूर्ण पत्ता समोर ठेवा. शेवटी ते एक डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, देतात, तो जपायचा, पुढे सगळी चौकशी त्यावरच होते.

इथे अपेक्षा नीट ठेवा. हेल्पलाइन कोर्ट नाही, ती कोणाला आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्या आणि साखळी दुकानं यातली बरीचशी हेल्पलाइनशी जोडलेली आहेत, त्यांच्याकडे ती तक्रार थेट वरच्या टेबलवर जाते, आणि जो मॅनेजर महिनाभर फोन उचलत नव्हता त्याचाच फोन येतो. एकट्या छोट्या दुकानाच्या बाबतीत एवढा परिणाम होईलच असं नाही, तरी तक्रार करून ठेवा, तुम्ही प्रयत्न केला याचा तो पुरावा होतो.

मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीची तक्रार मार्गदर्शन केंद्रं आहेत. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबईची 1975 ची, म्हणजे देशात 1986 चा ग्राहक कायदा यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे लोक हे काम करत होते. तिथले कार्यकर्ते कागद बघून तुमची बाजू किती भक्कम आहे ते सरळ सांगतात.

वजन, सोनं, खाण्याच्या वस्तू: इथे दार वेगळं

एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा वजनात मारलं तर वैध मापन शास्त्र विभाग, जिल्ह्यात त्यांचे निरीक्षक असतात. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावायचं असतं, ते मागायला लाजू नका. दिवाळीत मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका धरून वजन करतात, खोका चांगला जाडजूड असतो आणि तुम्ही काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा घेता. आधी रिकामा खोका काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा.

सोन्याचं: दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकी नंबर हवा, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्किंग लागू असलेल्या ठिकाणी त्याशिवाय विक्रीच नाही. बीआयएस केअर अॅपमध्ये तो नंबर दुकानात उभं राहूनच टाकून बघा. बिलात वजन, शुद्धता, घडणावळ, हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा दाखवायला सांगा. शुद्धता कमी निघाली तर जेवढी कमी त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळायची तरतूद बीआयएसच्या 2018 च्या नियमात आहे.

खाण्याची वस्तू मुदत संपलेली किंवा खराब निघाली तर अन्न व औषध प्रशासन, किंवा फूड सेफ्टी कनेक्ट अॅप. पाकीट, बॅच नंबर आणि उरलेली वस्तू फ्रीजमध्ये जपून ठेवा.

ग्राहक आयोग

इथपर्यंत येऊनही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक याला घाबरतात, पण आकडे बघा: दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. 5 ते 10 लाखांना 200 रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाखांपर्यंत, म्हणजे दुकानातली जवळजवळ कुठलीही खरेदी इथेच बसते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. आणि 2019 च्या कायद्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पुण्यात घेतलेल्या वस्तूसाठी लातूरच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. वस्तू गिफ्ट मिळाली असेल तरी, विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारा माणूस ग्राहकच धरला जातो. धंद्यात पुन्हा विकायला घेतलेला माल मात्र यात येत नाही.

आधी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवा, वरचाच मजकूर, शेवटी 15 दिवसांची मुदत. पोस्टाची पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद ठेवा. पाकीट घेतलं नाही आणि "नाकारले" शेऱ्यासह परत आलं तर ते न उघडता तसंच ठेवा.

मग तक्रार, साध्या मराठीत, तारखेच्या क्रमाने, एका परिच्छेदात एक गोष्ट. काय झालं, काय कागद आहे, काय मागणी आहे. मागणीत वस्तूची किंमत, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहा. भरपाईचा आकडा वास्तवातला ठेवा, दोन हजाराच्या बुटाला पाच लाख मागितले की मूळ तक्रारीचं वजन कमी होतं. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, ओळखपत्राची प्रत. ऑनलाइन भरायची असेल तर ग्राहक आयोगांचं ई-जागृती पोर्टल आहे. सुनावणीला स्वतः बोलता येतं, व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय मागता येते.

सामनेवाल्याला उत्तराला 30 दिवस, वर फार तर 15. कायद्यात निकालाला 3 महिने आणि वस्तूची लॅब तपासणी लागली तर 5 महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, मनाची तशी तयारी ठेवा. पण नोटीस पोचल्यावर बऱ्याच वेळा दुकानदाराचाच फोन येतो, तडजोड करू. तडजोड करायला काहीच हरकत नाही, आयोगातच मध्यस्थीची सोयही आहे, फक्त तक्रार मागे घेण्याआधी पैसे खात्यात जमा झाले पाहिजेत. "आधी मागे घ्या, मग देतो" याला नाही म्हणायचं. चेक दिला तर वटेपर्यंत थांबायचं, आणि तडजोडीचा कागद दोघांच्या सह्यांनी आयोगापुढे ठेवायचा.

निकाल तुमच्या बाजूने लागला की आदेशाची प्रत घ्या आणि त्यात दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहा. समोरच्याला 45 दिवसात राज्य आयोगात अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून नुसतं लांबवायला अपील करणारे कमी होतात. मुदत उलटून पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 25 हजार ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. या अर्जाबरोबर आदेशाची प्रत, तुमच्या बँक खात्याचा तपशील आणि पैसे मिळाले नाहीत असं दाखवणारं पासबुकाचं पान जोडा.